चौसष्ट नंबर

सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना भुंगीच्या शाळेच्या सदऱ्याची कॉलर उलटी झाली आणि आतल्या बाजूला बॉलपेननं लिहिलेला आकडा दिसला. चौसष्ट. धुण्यात शाई जराशी फुटली होती, आकडा मात्र शाबूत होता. सदरा हातात धरून मी उभा राहिलो. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं, तिथून खाली गळायला लागलं, आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी ओरडली, "अहो, पिळायचं विसरलात, की आम्हालाच आंघोळ घालताय?" मी बादलीतून दुसरा सदरा काढला. त्यावरही चौसष्ट. दोन बनियन, मोज्यांचे जोड, नाक पुसायचा रुमालसुद्धा. मोज्यावर पेन नीट चालत नाही म्हणून तिथं आकडा तीन-तीनदा गिरवलेला. प्रत्येक कपड्यावर ठरलेल्या जागी, आतून, बाहेर दिसणार नाही असा. जसा घालायचा असतो तसाच.

भुंगी माझी मुलगी. आठ वर्षांची. काहीही करत असली तरी तोंडानं बारीक गुणगुण चालू, म्हणून भुंगी. त्या वेळी ती आत दप्तर भरत होती आणि गुणगुण मला ऐकू येत होती. चौसष्ट हा आकडा मी या घरात कधी उच्चारलेला नाही. बायकोजवळही नाही. झोपेत बोललो असेन तर माहीत नाही. त्रेसष्ट माझा होता. चौसष्ट बारक्याचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा. आणि बारक्या वर्षातून एकदा, भुंगीच्या वाढदिवसाला फोन करतो, किती दात पडले एवढं विचारतो आणि ठेवून देतो. तो तिला हे सांगणार नाही. तो कुणालाच काही सांगत नाही. मग हा आकडा माझ्या दोरीवर आला कुठून? मी कपडे दोरीवर घातले, चिमटे लावले, कॉलरी परत सरळ केल्या. ती आली, म्हणाली, "बाबा, उशीर होतोय," आणि मी चोरी पकडली गेल्यासारखे हात पुसले. तिला शाळेच्या फाटकाशी सोडलं. आत जाताना ती मागं वळून बघत नाही. एरवी मला त्याचं कौतुक वाटतं.

बोर्डिंग म्हणायचे त्याला. दोन लांब पत्र्याच्या खोल्या, ऐंशी पोरं, ऐंशी ट्रंका. सगळ्यांचे कपडे एका गाठोड्यात धुवायला जायचे म्हणून नंबर. पण नंबर कपड्यावर थांबला नाही, अंगाला चिकटला. हजेरीला नंबर, ताटाला नंबर, मार खायला नंबर. अधीक्षक होता त्याला आमची नावं येत नव्हती आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. दर रविवारी तो फळ्यावर एक पत्र लिहायचा. 'ती. आईस, मी येथे सुखरूप आहे. जेवण चांगले मिळते. अभ्यास चालू आहे. काळजी करू नये.' ते आम्ही उतरवून घ्यायचो. ज्यांना आई नव्हती तेही 'ती. आईस' उतरवायचे, कारण फळ्यावर तसं होतं. एकानं विचारलं होतं, सर, मी कुणाला लिहू, तर अधीक्षक म्हणाला, आधी लिही, मग बघू. ते पत्र पुढं कुणाच्या नावानं जायचं, की जायचंच नाही, कोण जाणे.

बाप मेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेराव्याच्या आत मामा आईला म्हणाला, "ताई, एकाची तरी सोय लावून टाकू." सोय. एवढा मऊ शब्द आणि एवढा हलकट. आपल्या भाषेत सामानाची सोय लावतात, जनावराची लावतात आणि नकोशा झालेल्या पोरांची लावतात. लावणाऱ्याला पुन्हा पुण्य. मामा मला पोचवायला आला, अधीक्षकाशी पाच मिनिटं बोलला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि जाताना म्हणाला, "नशीबवान आहेस." हे त्याचं मनापासून होतं, त्याचाच जास्त राग येतो.

तिथं एक कपाट होतं. देणगीत आलेली पुस्तकं. त्यांतली निम्मी बोर्डिंगच्या गोष्टींची. बोर्डिंगातल्या पोरांना बोर्डिंगच्या गोष्टी पाठवणारा तो दाता कोण होता कुणास ठाऊक. उपाशी माणसाला जेवणाचं चित्र नेऊन द्यावं, तसं. आणि मी ते चित्र चाटून पुसून खाल्लं. एका पुस्तकाचं कव्हर आणि पहिली चार पानं गेलेली होती, म्हणून त्याचं नाव मला आजही माहीत नाही. त्यात दगडी इमारत होती, हिरवंगार मैदान होतं. कप्तान नावाचा एक उंच मुलगा होता. प्रत्येकाजवळ स्वतःची खाऊची पेटी आणि तिला स्वतःचं कुलूप. एक मास्तर होता, वरून कडक, आतून मऊ. शेवटच्या प्रकरणात मॅच असायची आणि हरायच्या बेताला आलेले जिंकायचे. कुणी रडलाच तर पान उलटेपर्यंत. छडी त्या पुस्तकात विनोदी असते. मारणारा मिशीत हसतो, खाणारा बाहेर येऊन हात चोळतो आणि मित्र म्हणतात, शाब्बास. हे लिहिणाऱ्याला आमच्या अधीक्षकासमोर एकदा हात पुढं करायला लावला असता तर त्या पुस्तकाची चार पानं मीच फाडायला मदत केली असती. पण तेव्हा असं वाटत नव्हतं. तेव्हा वाटायचं, आपण चुकीच्या दारानं आत आलोय, खरं बोर्डिंग याच भिंतीच्या पलीकडं असणार. बाहेर पडताना मी ते पुस्तक चोरलं. आजवर केलेली एकमेव चोरी. आता ते माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी असतं, आणि गेले दोन महिने मी त्यातून भुंगीला वाचून दाखवतो. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बायकोला पडून राहायला सांगितलं. सातवा लागला होता, पहिल्यांदा एक गेलेलं होतं, जपायला पाहिजे होतं. संध्याकाळी पोरीला गप्प कसं बसवायचं, म्हणून मी पेटीतून पुस्तक काढलं. खरं सांगायचं तर मला दुसरं काही वाचून दाखवायला येत नाही. ती हसते तेव्हा पान तेच असतं आणि हसणारं तोंड कोरं असतं, चांगलं वाटतं. बास, एवढंच.

माझं काम लिफ्टचं. बसवायच्या नाहीत, बसवलेल्या जिवंत ठेवायच्या. त्या दिवशी एका चौदा मजली इमारतीत महिन्याची तपासणी होती. बरोबर पकड्या. हा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आणि त्याची पक्कड रोज हरवते म्हणून पकड्या. लिफ्टच्या टपावर उभं राहून आम्ही सावकाश वर चाललो होतो. भिंतीला लागून दोन रूळ असतात, त्यांना तेल द्यायचं, दरवाज्यांची कुलपं बघायची. अंधार, हातातल्या दिव्याचा गोल, मजल्यामजल्याच्या फटीतून येणारे आवाज. इथं कुणी भांडतंय, तिथं कुकर, तिथं कुणाचं पाठांतर. मधे एकदा समोरून लोखंडी वजन खाली गेलं. आपण वर जाताना ते खाली जातं. इतक्या वर्षांत त्याच्याकडं मी कधी लक्ष दिलेलं नाही, आणि त्या दिवशी ते अंगावरून गेल्यासारखा मी भिंतीला टेकलो.

"काय रे," पकड्या म्हणाला, "बायकोला दिवस गेलेत की तुला?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून तीन मजले कोरडे सोडलेस. तेल काय मी घरून आणू?"

मी म्हणालो, "पकड्या, तू पोरांना लहानपणी गोष्टी सांगायचास?"

"मी? मी त्यांना ओरडायचो. त्यावर चौघंही वाढली."

"खोट्या गोष्टी सांगितल्या तर काय होतं?"

"खरी गोष्ट कधी ऐकलीयस का?" तो म्हणाला. "थांब, पक्कड कुठाय माझी?"

ती त्याच्या खिशात होती.

आठव्या मजल्यावर आम्ही थांबलो आणि तिथं मला लख्ख आठवलं. आठ-दहा दिवस झाले असतील. नव्या मुलाच्या येण्याचं प्रकरण. पुस्तकात लिहिलंय की त्याच्या आईनं प्रत्येक कपड्यावर त्याचं नाव रेशमी दोऱ्यानं भरून दिलं होतं. मी वाचलं, 'प्रत्येक कपड्यावर नंबर होता.' डोळे 'नाव' बघत होते आणि तोंड 'नंबर' म्हणालं. भुंगीनं विचारलं, "कितवा?" आणि मी न थांबता म्हणालो, "त्रेसष्ट," आणि पुढं वाचत गेलो. म्हणजे त्रेसष्ट मी दिला होता. चौसष्ट नाही. चौसष्ट तिनं काढला. कसा, ते तेव्हाही कळलं नाही, आणि कळून घ्यायची भीती वाटली. त्याच प्रकरणात पुढं नव्या मुलाच्या अंथरुणावर पोरं तांब्याभर पाणी ओततात आणि सकाळी सगळे पोट धरून हसतात. ते मी वगळलं होतं. दोन पानं एकदम उलटली. भुंगीच्या ते लक्षात आलं होतं. ती म्हणाली होती, "बाबा, चिकटलीत वाटतं पानं," आणि मी म्हणालो होतो, हो, जुनं पुस्तक आहे.

पहिल्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा आईनं विचारलं, कसं आहे रे तिथं? ती माझ्याकडं पाठ करून भांडी घासत होती. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं आणि तिची पाठ बघितली. ती पाठ ताणलेली होती, फटका यायच्या आधी असते तशी. मग मी पुस्तक सांगायला लागलो. मैदान आहे. मॅच असते. खाऊची पेटी, तिला कुलूप. एक मास्तर आहेत, वरून कडक. आणि आईचे हात सावकाश झाले, खांदे खाली आले. ते बघून मी आणखी सांगितलं. दर सुट्टीत सांगितलं. आई माझ्या गोष्टीवर जगत होती असं म्हटलं तर मोठेपणा होईल, पण तिला झोप लागत होती. मला वाटलं, मी तिला काहीतरी देतोय. जवळ बारक्या बसलेला असायचा, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. हनुवटी गुडघ्यावर, तोंड उघडं. आईला अर्धं पटत असेल, अर्धं ती पटवून घेत असेल. त्याला सगळं पटलं. सात वर्षांचा झाला तेव्हा त्यानं जेवण सोडलं. मला पण जायचंय. दादाचंच बरं, मला पण मैदान पाहिजे. दोन दिवस रडला. मामा आला आणि म्हणाला, "बघ ताई, पोर स्वतःच्या पायानं जायला तयार आहे. दोघांची सोय झाली." आईनं माझ्याकडं बघितलं. तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी झालं असतं. पण 'नको' म्हणायचं तर तीन वर्षं खोटं बोललो हे सांगायला पाहिजे, आणि आईची ती पाठ. मी बारा वर्षांचा होतो, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलंय. पुरत नाही.

तो आला. त्याच्याजवळ पेटी नव्हती, एक पत्र्याचा डबा होता आणि आईनं त्याला छोटं कुलूप घेऊन दिलं होतं. खोलीत शिरल्याशिरल्या ऐंशी पोरांदेखत त्यानं विचारलं, "दादा, खाऊची पेटी कुठं ठेवायची?" जे हसले ते महिनाभर हसत राहिले. पुढं त्याचं नावच 'पेटी' पडलं. दुसऱ्या दिवशी त्याला नंबर मिळाला, सोडून गेलेल्या एकाचा, त्रेसष्टच्या पुढचा, म्हणजे रांगेत तो माझ्या मागं. अकराव्या सकाळी त्याचं अंथरूण ओलं निघालं. त्यावर तिथं ठरलेली शिक्षा होती. ओली चादर डोक्यावर घेऊन हजेरी संपेपर्यंत पुढं उभं राहायचं. चादरीत तो दिसतच नव्हता, फक्त पायाची बोटं दिसत होती, आणि ती बोटं एकमेकांवर चढत होती. अधीक्षक हजेरी घेत होता. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. मी 'हजर' म्हणालो. चौसष्ट. चादरीच्या आतून 'हजर' आलं आणि सगळी रांग हसली. मीही हसलो. भीतीनं, सगळे हसले म्हणून, असं म्हणता येतं. मला ते तसं आठवत नाही. मला ते हसू आल्यासारखं आठवतं. पुस्तकात त्या जागी हसतात, आणि मी ते पान वीस वेळा हसत वाचलेलं होतं. चादरीत त्यानं माझा आवाज ओळखला असेल. भावाचं हसणं ऐंशीत वेगळं कळतं.

तो तिथं पाच वर्षं राहिला. त्या सकाळनंतर त्यानं मला 'दादा' किंवा दुसऱ्या कशानं हाक मारली नाही. आजही नाही. जवळ येऊन उभा राहायचा, मी बघेपर्यंत थांबायचा आणि मग बोलायचा. फोनवर सरळ वाक्यापासून सुरू करतो. कुठल्याशा बर्फाच्या गोदामात पाळीवर असतो, एका खोलीत राहतो, लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा आला होता. सगळं उरकल्यावर पायरीवर बसून म्हणाला, "तिला शेवटपर्यंत वाटत होतं आपण तिथं मजेत होतो." मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "बरं झालं." त्यात टोमणा होता की नव्हता हे मी अजून उलगडतोय.

"उतर," पकड्या म्हणाला. "आज तुझ्याबरोबर मला टपावर उभं राहायचं नाही. माझ्या म्हातारीला अजून मी लागतो."

दुपारी चारलाच घरी आलो. बायको उशांना टेकून पडली होती, पाय सुजलेले. भुंगी आतल्या खोलीत काहीतरी चिकटवत होती. मी दोरीवरचा एक मोजा काढून बायकोच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट केला.

"हे काय?"

"तुझ्या मुलीला विचार."

"माझ्या मुलीला कशाला, ही तुमची विद्या," ती म्हणाली. "दोन महिने घरात बोर्डिंग, बोर्डिंग. परवा मला विचारत होती, आई, माझ्या ट्रंकेला कुलूप कुठलं घ्यायचं. मला वाटलं खेळ आहे."

"तिच्यासमोर काही बोललात का? तू, सासूबाई?"

ती विचारात पडली. मग तिचा चेहरा उतरला. "आई म्हणाली होती. बाळ येईल तेव्हा हिची सोय करायला पाहिजे. मी म्हटलं, हो, यांच्याशी बोलते. अहो, सोय म्हणजे ताईकडं. पंधरा दिवस. दुसरं काय असणार?"

दुसरं काय असणार हे तिला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलेलंच नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की मी बोर्डिंगात शिकलो. लग्न ठरताना मी सासऱ्यांना मैदानाबद्दल सांगितलं होतं.

भुंगीला हाक मारली. ती बोटाला डिंक लागलेली तशी आली. मोजा बघून थांबली.

"हा नंबर कशाला घातलास?"

"हरवू नये म्हणून. सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात ना."

"कुठं?"

"तिथं." तिनं माझ्याकडं बघितलं. माहीत असून विचारणाऱ्या मोठ्या माणसाकडं पोरं बघतात तसं. "बाबा, मला माहितेय. आजीनं सांगितलं नाही तरी मला समजलं. बाळ आलं की जागा नाही पुरणार. तू रोज वाचून दाखवतोस ना, मला सवय व्हावी म्हणून."

बायकोनं तोंडावर हात घेतला. मी खाली फरशीवर बसलो. "पण चौसष्टच का?"

"त्रेसष्ट तर त्या मुलाचा आहे. तूच सांगितलंस. एक नंबर दोघांना कसा देतील?"

एवढं साधं होतं ते. मी म्हणालो, भुंगे, तुला कुठंही पाठवणार नाही. मावशीकडं पंधरा दिवस, आणि परत. ती म्हणाली, "बरं." ते 'बरं' मला माहीत होतं. त्याला आत काही नसतं, समोरच्याची सुटका करायला म्हणतात. बायको म्हणाली, अगं खरंच नाही, शपथ. ती पुन्हा म्हणाली, बरं. मग मी तिला सांगायला लागलो. सगळं. पत्र्याची खोली, फळ्यावरचं पत्र, अधीक्षक, काका, काकाचा डबा आणि त्याचं कुलूप. चादरीपाशी आलो तेव्हाही थांबलो नाही, मी हसलो तेही सांगितलं. बायको एकटक माझ्याकडं बघत होती, नवरा म्हणून भलताच कुणी येऊन बसल्यासारखी. भुंगीची गुणगुण पार थांबली होती. संपल्यावर तिनं बोटावरचा डिंक सोलून काढला.

"काका तेव्हा केवढा होता?"

"सात."

"मी आठ आहे." मग बायकोकडं न बघता, "आणि मी अंथरूण ओलं नाही करत."

"अगं, तुला जायचंच नाहीये. मी सांगतोय ते त्यासाठी. पुस्तकातलं सगळं खोटं आहे."

"मग तू हसत का वाचलंस?"

मी मोज्याची घडी घालायला लागलो.

"आत्ताचं खरं कशावरून?" तिनं विचारलं. भांडायला नाही, तिला खरोखर पाहिजे होतं. मग तीच म्हणाली, "काकाला विचारते." माझा फोन उचलला, नाव शोधलं, आणि तिची सवय म्हणून स्पीकर लावून फरशीवर आमच्या मधोमध ठेवला. मला हिसकावून घेता आला असता. पण मला वाटलं, एक माणूस आहे जगात, तो सांगेल. त्याला सांगायचा हक्क आहे, आणि मला ऐकायचं आहे. तीस वर्षं तो बोललेला नाही, आता माझ्या बायकोसमोर, मुलीसमोर बोलू दे. पलीकडून यंत्रांची घरघर आली. "काका, मी बोलतेय," भुंगी म्हणाली.

"आज वाढदिवस नाही तुझा," बारक्या म्हणाला. "किती दात पडले?"

"पाच. काका, तू बोर्डिंगात होतास?"

घरघर तेवढी चालू राहिली. मग दार ओढल्याचा आवाज आला आणि ती कमी झाली.

"कुणी सांगितलं?"

"बाबानं. काका, तिथं कसं असतं?"

"तुला कशाला पाहिजे?"

"मला पाठवणार आहेत ना, म्हणून."

"अरे, नाही," मी फोनवर वाकून म्हणालो, "ऐक—" पण तो माझ्याशी बोलत नव्हता. नंतर जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता, मऊ, सावकाश, पोराला पाठीवर घेऊन चालताना असतो तसा.

"छान असतं," तो म्हणाला. "मोठं मैदान असतं. हिरवंगार. मॅच असते, हरता हरता जिंकतो आपण. प्रत्येकाला खाऊची पेटी, तिला स्वतःचं कुलूप. कप्तान असतो एक, तो लहान पोरांना सांभाळतो. एक मास्तर असतात, वरून कडक, आतून मऊ. घाबरायचं नाही त्यांना. कुणी हसलं तर आपण पण हसायचं, म्हणजे संपतं." त्याच क्रमानं सांगत होता. मी भांडी घासणाऱ्या आईला जसं सांगितलं होतं तसंच, एक शब्द इकडचा तिकडं न होता, फक्त ते शेवटचं त्याचं स्वतःचं होतं. "बाबा होता ना तिथं माझ्याबरोबर. मजा होती. तू मुळीच घाबरू नकोस हां."

भुंगीनं माझ्याकडं बघितलं. ती रागावलेली नव्हती. तिला माझी कीव आली असावी.

"बाबाला दे," बारक्या म्हणाला. "आणि ते स्पीकर बंद कर."

मी फोन कानाला लावला आणि उठून भिंतीकडं तोंड केलं. आता तो मघाच्या मऊ आवाजात नव्हता.

"कधी नेतोयस तिला?"

"अरे, कुठंही नेत नाहीये. तिचा गैरसमज झालाय."

"मी विचारलं, कधी?"

"नाही नेत, म्हणतोय ना."

"तू म्हणतोस," तो म्हणाला. श्वास ऐकू येत होता, बर्फातून बाहेर आलेल्या माणसाचा. "हे बघ. माझी खोली आहे. खिडकी आहे. शाळा जवळ आहे, चालत जाता येतं, मी रोज बघतो पोरं जाताना. मी दिवसपाळी मागून घेईन. स्वयंपाक मला येतो. तुमचं बाळ मोठं होऊ दे, दोन वर्षं, चार वर्षं, कितीही. पण तिला तिकडं घालू नकोस. हात जोडतो."

"बारक्या, मी खरं सांगतोय तुला."

"मी उद्या येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

भिंतीला रंगाचा पोपडा आला होता, तो मी नखानं काढत राहिलो. मागून बायकोनं विचारलं, काय म्हणाले भावजी? मी वळलो. भुंगी जिथं बसली होती तिथंच होती, मांडी घालून, हात मांडीवर, शाळेत बाई येईपर्यंत बसतात तशी.

"काय म्हणाला काका?"

"उद्या येतोय म्हणाला."

"कशाला?"

आता तिच्याशी खोटं बोलायचं नाही, एवढं माझं मनाशी पक्कं होतं. "तुला न्यायला," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडात येईपर्यंत तिनं मान हलवली होती.